घरगल्लीतून गेलेली रेघ

रस्ता ओलांडताना माझ्या डोक्यात अजूनही नंबर बदलतो. दादरला भाजी घ्यायला निघाले की अर्ध्या रस्त्यापर्यंत एक वॉर्ड आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरा. आमचे हे म्हणतात, "अगं, आधी सिग्नल बघ, वॉर्ड नंतर बघ." पण खोड जात नाही. महापालिकेच्या नोकरीतली माझी शेवटची बरीच वर्षं निवडणुकीच्या वॉर्डांच्या हद्दी लिहिण्यात गेली, आणि ही हद्द फुटपाथच्या कडेने जात नाही, रस्त्याच्या मधोमध जाते. त्यामुळे समोरासमोर बसणारे दोन पानवाले दोन वेगळ्या नगरसेवकांच्या वाट्याला येतात. त्यांना ते ठाऊक नसतं. मला असतं, आणि उगीचच मोठं काहीतरी गुपित बाळगल्यासारखं वाटतं.

लोकांची अशी समजूत असते की वॉर्ड मुळातच असतात, मलबार हिलसारखे. तसं नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ते करतं. जनगणनेतून शहराचे छोटे छोटे गट येतात. एकेक गट म्हणजे चार-पाच इमारती, किंवा एखादी चाळ, किंवा वस्तीचा एखादा कोपरा, आणि त्यातली माणसं किती तो आकडा. असे गट एकमेकांना जोडत जायचे आणि प्रत्येक वॉर्डात साधारण सारखी माणसं बसवायची. थोडं कमी-जास्त चालतं, फार नाही. एकाच गटाचे दोन तुकडे करायचे नाहीत. आणि हद्द अशा गोष्टीवरून न्यायची की जी उघड्या डोळ्यांनी दिसेल: रस्ता, नाला, रेल्वेलाइन, पूल, गल्ली.

नकाशा काढायचा आमचा शिर्के, आणि त्या नकाशाची चतुःसीमा शब्दांत लिहायची मी. "सदर नाक्यापासून रस्त्याच्या मध्यरेषेने पूर्वेकडे उड्डाणपुलापर्यंत, तेथून दक्षिणेकडे अमुक गल्लीपर्यंत, तेथून..." अशी पान-पानभर चालणारी वाक्यं. वाचणाऱ्याला घेरी यावी. पण त्या वाक्याचं बोट धरून चाललात तर पुन्हा त्याच नाक्यावर येऊन पोचलात पाहिजे. पोचला नाहीत, तर माझी नोकरी फुकट. माझ्या वाक्याने कुणाला कधी रस्त्यात सोडलं नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

आमच्या भागाचं एक दुखणं होतं. वॉर्डांची मोजणी उत्तरेला दहिसरकडून सुरू होते आणि कुलाब्याला संपते. उत्तरेकडे माणसं वाढत चालली आणि इकडे घटत. म्हणजे वरच्यांनी पाय पसरायचे आणि आम्ही अंग चोरून बसायचं. गिरगावात ज्या वॉर्डात माझा जन्म झाला, तो एका फेरीत माझ्याच हाताने पुसला गेला. तीन वॉर्डांतली उरलेली माणसं दोन वॉर्डांत कोंबली. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. तिथले एक निवृत्त मास्तर हरकत घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्या शाळेत ते शिकले आणि ज्या शाळेत त्यांनी शिकवलं, तिथेच आजवर मत दिलं, आता केंद्र बदलू नका. मी त्यांना समजावून सांगितलं की केंद्र ठरवणारे वेगळे आणि हद्द ठरवणारे वेगळे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, "बरं बाई," म्हणाले आणि जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरून गेले. माझं उत्तर अगदी बरोबर होतं. तरी ते मनात सलतं.

या कामात तोंड बंद ठेवावं लागतं. कच्ची रचना जाहीर होईपर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. आमच्या खोलीच्या दाराशी मोबाइल काढून ठेवायचे. आणि बाहेर उमेदवारीची स्वप्नं पाहणारे घिरट्या घालायचे. एकदा परळचे एक कार्यकर्ते पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या समोर येऊन बसले.

"ताई, काही बोलू नका. आपण नियम पाळणारी माणसं. मी फक्त रस्त्यांची नावं घेतो. बरोबर असेल तिथे तुम्ही मान हलवा."

त्या आठवड्यात माझी मान धरली होती आणि गळ्याला डॉक्टरांनी दिलेला जाड पट्टा होता. मान हलवायची म्हटली तरी हलत नव्हती. त्यांनी दहा-बारा रस्त्यांची नावं घेतली. माझी मान ढिम्म. ते पांढरेफटक पडले, पेढे तसेच ठेवून उठले, आणि संध्याकाळपर्यंत परळभर बातमी झाली की सगळेच्या सगळे रस्ते गेले. पेढे शिपायाने वाटून टाकले. मी एकही खाल्ला नाही, हे माझ्या निवृत्तीनंतर तरी कुणीतरी मान्य करावं.

पण मला सांगायचंय ते लालबागचं.

माझ्या शेवटच्या रचनेची स्थळपाहणी ऐन उन्हाळ्यात आली. स्थळपाहणी म्हणजे नकाशातली हद्द पायांनी चालून बघायची. रस्ता आहे का, नाला बुजवला का, गल्लीच्या तोंडाशी कुणी भिंत घातली का. हातात तक्ता असतो. जागा बघितली की त्या ओळीपुढे 'पाहिले' लिहायचं आणि सही ठोकायची. मी आणि शिर्के सकाळपासून फिरत होतो. लालबागच्या एका चाळीपाशी हद्द घरगल्लीतून वळणार होती. या चाळीला मी इथे गोदाबाई चाळ म्हणते, खरं नाव वेगळं आहे. घरगल्ली म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधली चिंचोळी मोकळी पट्टी. सांडपाण्याचे पाइप त्यात उतरतात, झाडूवाला आत जातो, बाकी कुणी जात नाही. आमच्या नकाशात ती छान सरळ, पांढरी दिसत होती. गल्लीच्या अलीकडे चाळीची एक नंबर इमारत, पलीकडे दोन नंबर. दोन इमारती, दोन वेगळे गट. रेघ मारायला यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही.

लालबागमधला उन्हाळा म्हणजे वर्षभराच्या मसाल्याचा हंगाम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बायका पिशव्या भरभरून मिरच्या, धणे, खडा मसाला आणतात, दुकानदार तो भाजून देतो आणि मोठ्या कांडप यंत्रात कुटून देतो. गोदाबाई चाळीच्या तोंडाशी असं एक दुकान होतं. नेमकी तेव्हा कढईत मिरची पडली. असा खकाणा उठला की मला एक शिंक आली, मग दुसरी, मग मोजणं सोडलं. डोळ्यांतून धारा लागल्या, समोरचा शिर्के दिसेना. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांना सवय, मी पडले गिरगावची, मसाला पाकिटातला आणणारी.

"मॅडम, चला," शिर्के रुमालाऐवजी फाइल माझ्या तोंडाशी धरत म्हणाला. "नकाशात गल्ली एकदम क्लीन आहे. आत काय बघायचंय? पाइप?"

मी माघारी फिरले. नाक्यावर येऊन पाण्याने डोळे धुतले, चहा घेतला आणि गोदाबाई चाळीच्या ओळीपुढे 'पाहिले' असं लिहून सही केली. एवढ्या वर्षांत न बघता लिहिलेलं ते एकच 'पाहिले'. निदान मला तरी तसं वाटतं. आता छातीठोकपणे सांगवत नाही.

कच्ची रचना जाहीर झाली आणि हरकतींचा पाऊस पडला. बहुतेक हरकती ठरावीक असतात. एखाद्या पक्षाने एकच मजकूर छापून शेकडो सह्या घेतलेल्या. उंच टॉवरमधल्या सोसायटीचं म्हणणं, आमचा आणि समोरच्या चाळींचा काही संबंध नाही. एकाने तर वॉर्डाचा नवा नंबर आपल्याला लाभत नाही, असंही लेखी दिलं होतं. हे सगळे कागद शिर्के मोठ्याने वाचायचा आणि मी रजिस्टरमध्ये थोडक्यात विषय लिहायचे.

"मॅडम, लिहा," एक दिवस तो म्हणाला. "विषय: संडास."

आम्ही दोघंही हसलो. मग त्याने पुढे वाचलं. पट्टीने रेघा आखलेल्या वहीच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, खाली चाळभरच्या सह्या आणि अंगठे. मजकूर असा होता: चाळीच्या मालकाने दोन नंबर इमारत नंतर बांधली आणि तिला जिनाच ठेवला नाही. जिना एक नंबरात. एक नंबरला संडास नाहीत. ते सगळे दोन नंबरात. घरगल्लीवरून दर मजल्याला एक पूल आहे आणि त्यावरून दोन्हीकडची माणसं दिवसभर ये-जा करतात. चाळ एक आहे. तिचे दोन वॉर्ड करू नयेत.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. नकाशात पूल नव्हते. नकाशा वरून काढतात आणि पूल वरच्या पत्र्यांखाली झाकलेले. ते दिसायचे तर गल्लीच्या तोंडातून आत दहा पावलं जाऊन मान वर करायला हवी होती. त्या दहा पावलांच्या जागी मी चहा प्यायले होते.

नाईकसाहेबांकडे गेले. ते आमचे वरिष्ठ, माणूस सज्जन पण तारखांनी गांजलेला. ते म्हणाले, "कर्णिकबाई, दोन नंबरचा गट हलवला तर एक नंबरच्या वॉर्डात माणसं जास्त होतात. मग शेजारचा हलवा, मग त्याच्या शेजारचा. कुलाब्यापर्यंत सगळं उसवेल. घरगल्ली ही नकाशावरची ठळक खूण आहे, हरकत फेटाळावी, असा अभिप्राय द्या."

मी दिला. माझ्याच अक्षरात. 'पाहिले' ही नोंद मला वाचवत होती, आणि निवृत्तीला काही महिने उरले होते. यापलीकडे कारण नव्हतं.

सुनावणीला सभागृह खचाखच भरलेलं. मंचावर सुनावणीचे साहेब, बाहेरून नेमलेले, वयस्कर, कमी बोलणारे. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. आम्ही कर्मचारी बाजूच्या टेबलाशी नकाशांचे गुंडाळे घेऊन बसायचं, विचारलं तरच बोलायचं. गोदाबाई चाळीचा पुकारा झाला तेव्हा सेक्रेटरीऐवजी एक म्हातारी उठली. सुलोचना परब. चाळीत सगळे परबकाकू म्हणतात. यजमान गिरणीत होते, ते गेले. आता मुलगा, सून आणि त्या. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत त्या माइकपाशी आल्या. माइक त्यांच्या कपाळाशी येत होता, तो खाली करायला कुणीतरी धावलं.

"सायबानू, मी काय जास्त शिकलेली नाय," त्या म्हणाल्या. "माजी खोली एक नंबरात. जिनो एक नंबरात. संडास दोन नंबरात. त्येंका खाली उतराचा झाला तर आमच्या जिन्यावरसून उतराक होया. आमका जावचा झाला तर त्येंच्याकडे जावक होया. मदे तुमी रेघ मारलात. आता माका सांगा, मी खंयच्या वॉर्डातली?"

सभागृहात हशा पिकला. काकू हशा ओसरेपर्यंत थांबल्या.

"हसा. पन त्या संडासाच्या छपराक टेकू लावलेले आसत, लाकडाचे. माजी सून पोटुशी आसा. रोज त्या टेकूंखालसून जाता. मी दारात उबी ऱ्हवतंय ती परत येयसर. मागच्या नगरसेवकान दुरुस्तीचो कागद केल्यान, तो कसोबसो वर सरकलो. आता तुमी दोन नगरसेवक करतलास. ह्यो म्हनतलो, वापरनारे त्येचे. तो म्हनतलो, जिनो ह्येचो. कागद मदल्या मदे ऱ्हवतलो. आनि ता छप्पर काय कोनाची वाट बघूचा नाय."

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी समोरची फाइल उघडली. माझा अभिप्राय त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "स्थळपाहणी झालेली आहे. गल्ली ठळक आहे. हरकत..."

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. शिर्केने माझी साडी खाली ओढल्याचं मात्र आठवतं.

"साहेब, स्थळपाहणी झालेली नाही."

"आपण कोण?"

"हद्दी लिहिणारी. ते 'पाहिले' मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. आत गेले नाही."

"का?"

मी पायांकडे बघत म्हटलं, "मिरचीचा ठसका लागला, साहेब. शिंका थांबेनात. माघारी फिरले."

पुन्हा हशा. नाईकसाहेबांनी कपाळाला हात लावला. माझे कान तापले होते. तेवढ्यात परबकाकू माइकवरून माझ्याकडे वळल्या.

"हंगाम होतो तो, सायबानू," त्या म्हणाल्या. "आमीपन तेवा खिडक्ये बंद करून बसतो. तिका कित्याक हसतास?"

ज्या बाईचं मी वाटोळं करायला निघाले होते, तीच माझी बाजू घेत होती. तेव्हाच्या माझ्या अवस्थेला शरम हाच शब्द आहे, दुसरा नाही.

साहेबांनी नकाशा मागवला. बराच वेळ बघितला. मग मला म्हणाले, "कबूल केलंत ते ठीक. पण माणसं कुठेतरी बसली पाहिजेत. दोन नंबरचा गट या वॉर्डात घेतला तर हा वॉर्ड मर्यादेबाहेर जातो. बदल्यात कोणता गट पलीकडे देणार?"

"शोधते, साहेब."

"तीन दिवस देतो. त्यानंतर मला अहवाल द्यायचाय. आकडा जुळला नाही, तर आहे तीच हद्द कायम."

परबकाकूंनी माझ्याकडे बघितलं. गुडघ्यांवर हात ठेवत परत गेल्या.

ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. असा एक गट हवा होता की जो या वॉर्डाच्या कडेला असेल, ज्यात जवळपास तेवढीच माणसं असतील, आणि जो पलीकडे दिल्याने दुसऱ्या कुणाची गोदाबाई चाळ होणार नाही. शिर्केने कडेचे सगळे गट कागदावर काढले. एका गटात नवा टॉवर होता, माणसं दुपटीने जास्त. एक आकड्यात अगदी चपखल बसत होता, पण दिला असता तर पलीकडचा तुकडा रेल्वेलाइन ओलांडून एकटा पडला असता. तिसरा बसत होता, दिसायलाही सोयीचा होता. शिर्के म्हणाला, "मॅडम, हा घेऊ आणि मोकळे होऊ." मी म्हटलं, "चल, बघून येऊ." गेलो तर तिथेही एका सामाईक अंगणातून रेघ जात होती, मध्ये नळ आणि नळाभोवती बायका. मी तक्त्यावर फुली मारली.

दुसरा दिवसही संपला. शिर्केचं तोंड उतरलं होतं. वयाने माझ्या मुलासारखा, कॉम्प्युटरवर हात बसलेला, पण उन्हातान्हात भटकायची सवय नाही. मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? तुम्ही त्या दिवशी 'चला' म्हणाला नव्हतात. मी म्हणालो होतो." मी म्हटलं, "सही माझी आहे."

तिसऱ्या दिवशी एकच गट उरला होता. आम्ही तो आधी बाजूला टाकला होता, कारण नकाशात त्याच्या चारही इमारती आमच्याच रस्त्याला लागून होत्या. सकाळी तिथे गेलो आणि रस्त्यावरून बघितलं तर लांबच लांब उंच भिंत, जुन्या गिरणीच्या काळातली. भिंतीला दार नाही. आम्ही भिंतीच्या कडेने चालत राहिलो, मागच्या, म्हणजे पलीकडच्या वॉर्डातल्या गल्लीत वळलो, आणि तिथे गेट होतं. गेटच्या आत एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

मी खालून विचारलं, "ताई, पुढच्या रस्त्याला जायला वाट आहे का?"

"पुढे?" ती हसली. "इथे राहून वीस वर्षं झाली, पुढचा रस्ता मी बसमधून बघते. आमचं सगळं मागे. दूध मागे, रेशन मागे, मुलांची शाळा मागे. तुम्हाला जायचंय कुठे?"

"कुठे नाही," मी म्हटलं. "हेच बघायचं होतं."

तरी मी चारही इमारतींत वरपर्यंत गेले. जिने बघितले, नळ बघितले, संडास कुठल्या इमारतीत आहेत तेही विचारलं. एका आजोबांना वाटलं मी गटारांच्या खात्यातून आलेय, त्यांनी मला तुंबलेलं गटार दाखवलं. तेही बघितलं. खाली आले तर शिर्के गेटच्या पायरीवर बसून बेरीज करत होता. केली, पुन्हा केली. मग कागद माझ्यापुढे धरला.

"मॅडम, बसतंय."

"नीट बघ."

"दोन्ही वॉर्ड मर्यादेत. दुसरा कुणीही हलवायला नको. बसतंय, मॅडम!"

मी त्याच पायरीवर बसले. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. इतकं हायसं मला माझ्या मुलाचा बारावीचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं. शिर्के धावत जाऊन उसाचा रस घेऊन आला. तो रस पिताना मी रडत होते आणि गॅलरीतली ती बाई वरून विचारत होती, "ताई, बरं वाटत नाहीये का?" मी हात हलवून सांगितलं की फार बरं वाटतंय.

साहेबांनी बदल मान्य केला. अहवालाच्या त्या पानावर त्यांनी सही केली आणि मला एवढंच म्हणाले, "ठसका गेला का?" नाईकसाहेबांनी मात्र नियमाप्रमाणे खुलासा मागवणारं पत्र दिलं. मी लेखी उत्तर दिलं: "मिरचीच्या खकाण्यामुळे स्थळपाहणी अपूर्ण राहिली. चूक मान्य आहे." ते माझ्या सेवापुस्तकाबरोबर कुठल्यातरी कपाटात असेल. ताकीद मिळाली, निवृत्ती मात्र वेळेवर आणि सन्मानाने झाली. निरोप समारंभात कुणीतरी हसत हसत मला मसाल्याची बरणी दिली. कुणी ते मी सांगत नाही, पण शिर्के सोडून कोण असणार?

अंतिम रचनेची चतुःसीमा मीच लिहिली. त्या वॉर्डाच्या वाक्यात एका ठिकाणी असं आहे: "...तेथून गोदाबाई चाळीच्या दोन्ही इमारती समाविष्ट करून..." मी आयुष्यात हजारो ओळी लिहिल्या, सगळ्या सरकारी. त्यातले हे शब्द मात्र मला माझे वाटतात.

निवडणूक लांबत लांबत एकदाची झाली. कोण निवडून आलं ते मी सांगणार नाही, जुनी सवय आहे. निवृत्त झाल्यावर मी लालबागला जायचं टाळत होते. खरं तर धाडस होत नव्हतं. यंदा उन्हाळ्यात मनाचा हिय्या केला, मिरच्या-धणे घेतले आणि मसाला करायला त्याच दुकानात गेले. पिशवी रांगेत लावली आणि चाळीचा जिना चढले. परबकाकू दारातच मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

"अगो बाय, रेघवाली! ये गो, आत ये."

आतून एक नात धावत आली, दोन वर्षांची असेल, कमरेला करदोटा, पायात वाजणारे बूट. आमच्यामधून निसटून ती गॅलरीतून पुलावर गेली, दोन नंबरात शिरली, तिथून परत एक नंबरात, पुन्हा दोन नंबरात. बूट पिकपिक वाजत होते. एका मिनिटात तिने माझी रेघ पाच वेळा ओलांडली.

"दिसभर ह्याच," काकू म्हणाल्या. "चल, तुका दाखवतंय."

मी त्यांच्यामागून पुलाच्या तोंडाशी गेले. पत्र्याखालचा अरुंद पूल, सात-आठ पावलांचा. खाली घरगल्ली, तीच ती सरळ पांढरी पट्टी, पाइप आणि अंधार. आणि नेमकी तेव्हाच खाली दुकानात कढईत मिरची पडली. खकाणा गल्लीतून वर चढला. मला एक शिंक आली, दुसरी आली, तिसरी आली. डोळे भरून आले. मी नकळत एक पाऊल मागे घेतलं.

काकूंनी माझं मनगट पकडलं.

"शिंक गो, व्हयी तितकी शिंक," त्या म्हणाल्या. "पन आता माघारी फिरू नको."

मी शिंकत शिंकत पूल ओलांडला. पलीकडे नवी फरशी होती, दारांना कड्या होत्या, दिवा लागत होता. डोळे पुसून मान वर केली. छत कोरं करकरीत होतं, आणि त्याला एकही टेकू नव्हता.